उघडला की स्क्रीन जाते: स्लायडर फोनची फ्लेक्स पुन्हा पुन्हा का तुटते?

मिटलेला असताना फोन अगदी शहाण्यासारखा वागतो. वेळ दिसते, मेसेज वाचता येतो, रेंजच्या कांड्याही पुऱ्या. अंगठ्याने वर सरकवला, टक् झालं, की स्क्रीन पांढरी फटक. जरा खाली आणला की चित्र परत हजर. २००५ ते २०१० या काळात ज्यांनी स्लायडर, म्हणजे सरकवून उघडायचा फोन, वापरला त्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं असेल. त्यावरचा तेव्हाचा घरगुती उपायही आठवत असेल: फोन पाऊणच उघडायचा, अंगठा तिथेच दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने नंबर लावायचा. लोकांना वाटायचं, ही काहीतरी स्टाइल आहे.

माझा तसा फोन गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात भाचीला सापडला. ती एकोणीस वर्षांची, म्हणजे तिला कळायला लागलं तेव्हा सगळे फोन नुसत्या काचेचे झाले होते. तिने तो दहा-बारा वेळा नुसताच सरकवला आणि म्हणाली, "मामा, हा कसला भारी आहे! मला दे ना. पण उघडला की दिसत काहीच नाही रे."

मॉडेल सांगत नाही. दोष एकट्या त्याचा नव्हताच, दोन तुकडे एकमेकांवर सरकणाऱ्या प्रत्येक फोनच्या पोटात हे दुखणं होतं. फोन २००६ सालचा. पहिली फ्लेक्स, म्हणजे त्या दोन तुकड्यांना जोडणारी तारांची लवचीक पट्टी, अडीच वर्षं टिकली. दुकानात बदलून घेतली, पाच महिन्यांत तुटली. परत बदलली, चार महिने. मग मी कंटाळलो आणि फोन डब्यात गेला. आता भाचीसाठी चौथी मी स्वतः बसवली, तर ती अकरा दिवसांत गेली! त्यामुळे ही पोस्ट नुसती फ्लेक्स कशी बदलायची याची नाही. बदलल्यावरही ती का तुटत राहते, ते शोधायला मला तीन आठवडे लागले. तुमचे तरी वाचावेत.

आधी डिस्प्लेला दोष देऊ नका

दुकानदार पहिल्यांदा म्हणतो, "डिस्प्ले गेलाय." बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. फोन चालू करा आणि अगदी सावकाश, कासवाच्या गतीने सरकवा. दरवेळी साधारण त्याच जागी चित्र जात असेल आणि मागे आणल्यावर येत असेल, तर डिस्प्ले ठणठणीत आहे आणि दोष फ्लेक्सचा आहे. डिस्प्ले मेला असता तर तो मिटलेल्या फोनमध्येही मेलेलाच राहिला असता.

स्क्रीन कशी जाते यावरूनही पुष्कळ कळतं. पांढरी होत असेल तर मागच्या दिव्याला वीज पोचते आहे, चित्राची माहिती पोचत नाही. काळी होत असेल पण फोन वाजतो आहे, तर अंधारात टॉर्च तिरकी धरून स्क्रीनकडे बघा. चित्र पुसटसं दिसलं तर फक्त दिव्याची तार तुटली आहे. उभ्या-आडव्या रेघा आल्या किंवा रंग भलतेच झाले, तर काही तारा शाबूत आहेत आणि काही तुटल्या आहेत.

आणि फक्त स्क्रीनकडे बघत बसू नका. वरच्या अर्ध्या भागात आणखी काय काय आहे ते आठवा: कानाशी धरायचा छोटा स्पीकर, बऱ्याच फोनांत हिरवं-लाल बटण आणि मधलं चौकोनी, काहींत पुढचा कॅमेरा. हे सगळं त्याच एका पट्टीवरून खाली मदरबोर्डला जोडलेलं असतं. फोन उघडल्यावर समोरच्याचा आवाज गायब होतो, पण लाउडस्पीकर लावला की ऐकू येतो, असं असेल तर दुसरी तपासणी करायची गरजच नाही. उलट फक्त ५ आणि ८ दाबले जात नसतील तर फ्लेक्सचा काही संबंध नाही. आकडे खालच्या भागात असतात, त्यांच्याखालच्या पत्र्याच्या टिकल्या काळ्या पडल्या असतील. स्पिरिटने पुसा.

एक फसवा प्रकारही आहे. फोन उघडल्यावर स्क्रीन दिसते, पण आकड्यांचे दिवे लागत नाहीत, आलेला कॉल उघडल्यावर उचलला जात नाही. फोनला आपण उघडलो आहोत हे कळतं ते एका इवल्याशा लोहचुंबकामुळे. चुंबक एका भागात, त्याची चाहूल घेणारा हॉल सेन्सर दुसऱ्या भागात. बाहेरची बॉडी बदलली असेल तर तांदळाच्या दाण्याएवढं ते चुंबक जुन्या बॉडीतच राहून ती कचऱ्यात गेलेली असते. माझ्या एका मित्राने यापायी अख्खा बोर्ड बदलायचं ठरवलं होतं.

ती पट्टी मुळात जगते कशी

फ्लेक्स म्हणजे पिवळसर-तपकिरी पॉलिइमाइडच्या दोन पातळ थरांमध्ये दाबलेल्या तांब्याच्या बारीक रेघा. तांब्याची जाडी साधारण १८ मायक्रॉन, काहींत त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या पाव जाडीची तार. पट्टी फोनच्या दोन भागांमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी वळून बसलेली असते. आपण फोन सरकवतो तेव्हा ती ताणली जात नाही, वळण पुढे-मागे लोळतं. सतरंजी गुंडाळताना घडी पुढे सरकत जाते ना, तसं.

तांबं एकदा वाकवून काही होत नाही. पुन्हा पुन्हा वाकवलं की ते कडक होत जातं आणि मग त्याला बारीक चीर पडते. लोखंडी तार हाताने तोडताना आपण तेच तर करतो. वळण जितकं अरुंद, तितका ताण जास्त. वळणाची त्रिज्या निम्मी झाली की ताण दुप्पट होतो, आणि आयुष्य मात्र निम्म्यापेक्षा कितीतरी जास्त घटतं. दिवसाला साठ वेळा फोन उघडला तर वर्षाला जवळजवळ बावीस हजार वेळा. कॉलेजात आम्ही साठवर थांबत नव्हतो. लेक्चर चालू असताना बाकाखाली टक्-टक् चालायची, आणि मास्तर खिडकीकडे बघायचे, पाल चुकचुकतेय की काय म्हणून.

त्या 'टक्'चंही गुपित सांगायला हवं. पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींत खाचेतून सरकतात आणि मध्ये एक वळलेली स्प्रिंग असते. अर्ध्या वाटेपर्यंत ती आपल्याला विरोध करते, अर्धी वाट ओलांडली की तीच पुढे ढकलते. म्हणून शेवटचा भाग फोन स्वतःहून उघडतो. १९९६च्या नोकिया ८११०ला, तो केळ्यासारखा वाकडा फोन, असं काही नव्हतं. झाकण हाताने ओढायचं. २००६-०७ पर्यंत मात्र स्प्रिंगचा हा खेळ इतका सफाईदार झाला होता की सॅमसंगचा डी९०० जेमतेम १२.९ मिलिमीटर जाड असूनही लोण्यासारखा सरकायचा. नोकिया एन९५ तर दोन्हीकडे सरकायचा: वर ढकलला की आकडे, खाली ढकलला की गाण्यांची बटणं आणि स्क्रीन आडवी. मित्राच्या हातात तो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी माझा खिशातून बाहेरच काढला नव्हता. लाल-पांढरा ५३०० एक्सप्रेसम्युझिक मात्र आमच्या वर्गात चार-पाच जणांकडे होता, आणि त्या सगळ्यांकडे एकच हेडफोन, तो फिरता.

उघडण्याआधी बॅटरी

जुना फोन सापडला की आपण आधी चार्जर शोधतो. थांबा. बॅटरी काढा आणि टेबलावर आडवी ठेवून बोटाने गोल फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे. ती चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. न फिरणारी बॅटरी लावून बघायला हरकत नाही, पण पहिला चार्ज डोळ्यांसमोर करा, उशीखाली ठेवून नाही.

मग बॅटरी, सिम आणि कार्ड काढूनच स्क्रूला हात लावा. बहुतेक नोकियांना टी-५ किंवा टी-६चा चांदणीसारखा स्क्रूड्रायव्हर लागतो, बाकीच्यांना बारीक चौफुलीचा. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत दोन्ही मिळतात. आणि आता जे सांगतो त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे: कागदावर फोनचं चित्र काढा, खाली थर्माकोल ठेवा आणि प्रत्येक स्क्रू जिथून काढला त्याच जागी चित्रावर टोचा. वाटीत एकत्र टाकू नका. का, ते पुढे येईल.

झाकणाच्या कडा सोडवायला लोखंडी पातं नको. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक बरं. कनेक्टर दोन प्रकारचे असतात: एक शर्टाच्या टिचबटणासारखा, तो सरळ वर उचलायचा; दुसऱ्याला काळी किंवा पांढरी कडी असते, ती आधी उभी करायची आणि मगच पट्टी बाहेर सरकवायची. दुसरा प्रकार पहिला समजून खेचला तर पुढचं काही वाचायची गरज उरत नाही.

नवी फ्लेक्स घेताना

तुटलेली पट्टी जोडता येत नाही. दुकानात जंपर, म्हणजे तुटलेल्या जागेवरून बारीक तार, मारून देतो म्हणतील. स्थिर जागी जंपर वर्षानुवर्षं टिकतो, पण दिवसाला साठ वेळा लोळणाऱ्या वळणावर नाही. नवीच लागते.

नव्या नव्यांतही फरक असतो. चांगल्या फ्लेक्समध्ये तांबं लाटून केलेलं असतं, अक्षरशः पोळीसारखं. त्याचे कण पट्टीच्या लांबीत आडवे पडतात आणि वाकणं सोसतात. स्वस्त नकलेत बऱ्याचदा विजेच्या प्रक्रियेने थर साठवून केलेलं तांबं असतं. त्याचे कण उभे असतात, चीर त्यांच्या मधून सरळ आरपार जाते. डोळ्यांनी हे दिसत नाही. हाताला मात्र थोडंफार कळतं: नक्कल पट्टी जाड आणि ताठ लागते, यू करून सोडली की फटकन सरळ होते. पट्टी मात्र कोरीच घ्या. जुन्या बाजारातल्या मेलेल्या फोनमधून काढलेली 'ओरिजिनल' पट्टी म्हणजे कुणीतरी आधीच हजारो वेळा वाकवलेलं तांबं. मी एका रविवारी जुन्या बाजारातून दीडशे रुपयांत अख्खा फोन आणला होता, त्याची पट्टी बघून तसाच ठेवून दिला. स्क्रू मात्र कामाला आले.

काजळ

आता मूळ प्रश्न. अकरा दिवसांनी फोन परत उघडला तेव्हा मी पट्टीला शिव्या घातल्या, नक्कल निघाली म्हणून. मग सहज, डब्यात जपून ठेवलेल्या जुन्या दोन तुटक्या पट्ट्या शेजारी ठेवल्या (हो, मी असल्या गोष्टी ठेवतो, घरातल्यांचं यावर वेगळं मत आहे). भिंगातून बघितलं. तिन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या होत्या. डाव्या कडेपासून चार मिलिमीटर, जेमतेम इकडे-तिकडे. आणि चिरेच्या शेजारी तिन्हींवर एक चकचकीत घासलेला ठिपका.

नुसतं तांबं थकून तुटलं असतं तर चीर वळणाच्या पट्ट्यात कुठेही पडली असती, घासल्याची खूण नसती. म्हणजे काहीतरी टोचत होतं. आणि पहिली फ्लेक्स अडीच वर्षं जगली, तिच्यानंतरच्या सगळ्या अल्पायुषी निघाल्या, याचा अर्थ ते टोचणारं पहिल्या दुरुस्तीत आत शिरलं होतं.

फोन उघडा असताना काहीच दिसेना. पट्टी नीट लोळत होती. झाकणं लावून, स्क्रू कसून झालं की आतलं दिसत नाही, आणि दोष तर तेव्हाच होत होता. मग भाचीकडून काजळाची डबी घेतली. आतून येऊ शकणाऱ्या प्रत्येक टोकाला, कडेला, स्क्रूच्या भोकाच्या तोंडाशी काडीने काजळ लावलं, फोन पूर्ण बंद करून स्क्रू कसले, दहा वेळा सावकाश सरकवला आणि परत उघडला. पट्टीवर काळा ठिपका. डावीकडून चार मिलिमीटर.

सरकत्या पत्र्याला धरणारे चार स्क्रू होते. चौघांची डोकी सारखी, पेच सारखा. तीन एका लांबीचे आणि एक त्यांच्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटर लांब. तो मुळात मागच्या झाकणाचा. पहिल्यांदा फोन उघडणाऱ्याने सगळे स्क्रू एका वाटीत टाकले असणार आणि बसवताना जो हाताला लागला तो लावला असणार. त्या माणसाला मी नावं ठेवत नाही, दिवसाला वीस फोन उघडणाऱ्याला थर्माकोल कुठून सुचणार. पण पुढच्या दोन्ही दुरुस्त्यांत तोच स्क्रू त्याच भोकात परत जात राहिला, आणि तिसऱ्या खेपेला तर मीच तो थर्माकोलवर त्याच्या 'जागी' अगदी काटेकोरपणे टोचून ठेवला होता. म्हणजे थर्माकोलची युक्तीही चूक जशीच्या तशी जपते. सेकंडहँड फोन असेल किंवा आधी कुणी उघडलेला असेल, तर स्क्रू काढल्यावर एका ओळीत उभे करून लांबी बघा. हे आधी करायला हवं होतं.

जुन्या बाजारातल्या फोनचा आखूड स्क्रू तिथे लावला. पाचवी फ्लेक्स चांगली बघून घेतली. तिच्या पाठीला जिथे दुतोंडी चिकटपट्टी असते तिथे ती जुन्या पट्टीसारखीच, त्याच जागी लावली. हेही सांगून ठेवतो, कारण चिकटपट्टी दोन मिलिमीटर पुढे-मागे झाली की यू अरुंद होतो आणि स्क्रूशिवायही पट्टी लवकर मरते. शेवटचं झाकण लावण्याआधी फोन आडवा धरून, बाजूने उजेड पाडून वीस वेळा सरकवा आणि वळण कशाला टेकत नाही ना, एवढंच बघत राहा.

खाचा कुरकुरत असतील तर कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून मळ काढा आणि सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब लावा. आमच्या घरी कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला, दारापासून गुडघ्यापर्यंत, खोबरेल हाच उपाय आहे. इथे तो चालत नाही. तेल पसरतं, चिकटपट्टी सोडवतं, बटणांखाली जातं आणि थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं तेलही नको.

फोन चालू झाला, पण रेंज नाही

स्क्रीन आली म्हणून भाचीने तिचं सिम घातलं आणि 'नो नेटवर्क'. फोन बिघडलेला नव्हता. जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच ४जीवर. या फोनांना लागणारं २जी त्यात नाहीच. २जी अजून चालवणाऱ्या कंपनीचं सिम लागतं. परदेशात असाल तर आधी चौकशी करा: सिंगापूरमध्ये २०१७ सालीच २जी बंद झालं, तिथे हा फोन घड्याळ म्हणूनच वापरता येईल. नॅनो सिमला अडॅप्टर लावताना सिम आत अडकू नये म्हणून दोन्ही मागून पातळ सेलोटेपने जोडा.

मेमरी कार्ड दिसत नसेल तर ते २ जीबीपेक्षा मोठं असेल. त्यापुढची कार्डं वेगळ्या जातीची, एसडीएचसी. त्या काळातले बरेच फोन ती ओळखत नाहीत.

सेकंडहँड घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बघा आणि केवायएम (KYM), मध्ये जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

या सगळ्याला आता चार महिने झाले. फ्लेक्स टिकून आहे. फोन भाचीकडे आहे, बॅटरी काढली की तारीख विसरतो, पण त्याचं तिला काही नाही. परवा ती घरी आली होती. समोर बसून मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगत होती आणि हातात फोन. टक्, टक्, टक्. मी गोष्ट ऐकतोय असं दाखवून मोजत होतो. चहा निवेपर्यंत त्रेपन्न झाले.

सहावी फ्लेक्स मागवून ठेवली आहे.